हिरव्यावर लाल

मागील अंकातील 'आजींचे पान' या अंकात पुन्हा छापले आहे. तसे ठरल्यावर काही पालकांनी विचारले, की एकच मजकूर लागोपाठ दोन अंकांत कशासाठी? झेरॉक्सचा कागद वाया घालवण्याची आम्हांला हौस नाही. चूक आमची होती. ती कशी झाली हे सांगितल्याशिवाय दुरुस्ती पुरी होणार नाही, असे बाईंचे म्हणणे पडले, म्हणून हा लेख. लेखात संगणकाचा भाग बराच आहे. ज्यांना तो रुचत नसेल त्यांनीही शेवटपर्यंत वाचावे ही विनंती, कारण गोष्ट संगणकाची असली तरी चूक संगणकाची नव्हती.

आम्ही म्हणजे वरच्या वर्गातील चौघे. पत्रकाचा मजकूर टाइप करणे, तपासणे आणि पाने लावणे हे काम गेले वर्षभर आमच्याकडे आहे.

पत्रकाचा मजकूर आम्ही ईमॅक्स नावाच्या एडिटरमध्ये टाइप करतो. हा मुळात प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा एडिटर. त्याचा पूर्वज १९७६ साली एमआयटी या संस्थेत तयार झाला आणि आज वापरतात तो जीएनयू ईमॅक्स रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ साली लोकांच्या हाती दिला. इतका जुना एडिटर मराठीसाठी कशाला, असे विचाराल तर कारणे दोन. एक म्हणजे, रोमन कळा दाबून देवनागरी उमटवण्याची सोय त्यात आहे, आणि २०२० साली आलेल्या २७ व्या आवृत्तीपासून तो अक्षरे जुळवण्यासाठी हार्फबझ नावाची प्रणाली वापरू शकतो, त्यामुळे जोडाक्षरे आणि वेलांट्या जागच्या जागी दिसतात. दुसरे म्हणजे, आपल्याला हव्या तशा खुणा मजकुरावर करता येतात. आमची सगळी गोष्ट या दुसऱ्या कारणाची आहे.

ईमॅक्समध्ये अशा खुणेला ओव्हरले म्हणतात. नकाशावर आपण ट्रेसिंग पेपर ठेवतो ना, तसा हा मजकुरावर ठेवलेला कागद समजा. तो कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो हे सांगायचे आणि मग त्याला रंग, अधोरेखा, माउसचा बाण वर आला की दिसणारी टीप असे गुणधर्म द्यायचे. हा कागद मजकुराचा भाग नसतो. फाइल जतन केली की अक्षरे जतन होतात, ओव्हरले होत नाहीत. फाइल पुन्हा उघडली की खुणा पुन्हा कराव्या लागतात. त्यासाठी आमच्यातील एकाने पंचवीस-तीस ओळींचा छोटा प्रोग्राम लिहिला होता. तो चालवला की मजकुरावर तीन रंगांच्या खुणा उमटत.

पहिली खूण लाल. ही बाईंच्या शुद्धलेखनाच्या यादीची. शब्दाच्या शेवटी ऱ्हस्व इकार किंवा उकार आला की लाल. 'आणि', 'नि', 'परंतु', 'तथापि' असे काही शब्द तेवढे सोडलेले. शब्दाच्या शेवटी अनुस्वार आला की लाल, म्हणजे 'केलं' लिहिले असेल तर 'केले' करायचे. शिवाय जो शब्द आमच्या शब्दयादीत नाही तो लाल. ही यादी आम्ही पत्रकाच्या जुन्या अंकांतून गोळा केली होती, त्यात शब्दांची निरनिराळी रूपेही होती.

दुसरी खूण पिवळी. ही इंग्रजी शब्दांची. 'वीकेंड', 'पार्किंग', 'प्रॅक्टिस' वगैरे. आमच्या चौघांच्या लेखांत हाच रंग सर्वांत जास्त दिसतो हे कबूल केले पाहिजे.

तिसरी खूण हिरवी. तिचा अर्थ 'हात लावू नये' असा. 'आजींचे पान' हे सदर सुरू केले तेव्हा आम्ही ठरवले होते, की सांगणारे माणूस जसे बोलले तसेच छापायचे. म्हणून त्यांच्या तोंडच्या वाक्यांच्या मागेपुढे आम्ही दोन-दोन तारे टाइप करत असू, आणि प्रोग्राम ताऱ्यांच्या मधला सगळा भाग हिरवा करत असे. छापण्यापूर्वी तारे काढून टाकायचे.

आता एकाच शब्दावर दोन खुणा आल्या तर कोणता रंग दिसणार? ओव्हरलेला 'प्रायॉरिटी' नावाचा एक गुणधर्म देता येतो, म्हणजे अग्रक्रमाचा आकडा. ज्याचा आकडा मोठा तो वर दिसतो. हे आम्हांला ठाऊक होते. पण मोठा आकडा द्यायचा कोणाला? लालला द्यावा तर आजींचे काय, आणि हिरव्याला द्यावा तर बाईंच्या यादीचे काय? त्यावर एका रविवारी बराच वाद झाला. शेवटी आम्ही कोणालाच आकडा दिला नाही. सगळे सारखे. आम्हांला ते न्यायाचे वाटले.

मागील अंकातील पान आमच्यातील एकीच्या आजींचे होते. आजी सिंधुदुर्गातल्या. सहा महिन्यांसाठी लेकाकडे आल्या होत्या. लेक म्हणजे आमच्या मैत्रिणीचे वडील. आजी मालवणीत बोलतात. फोनवर आवाज भरून घेऊ का, असे विचारले तर नको म्हणाल्या. यंत्र समोर ठेवले की बोलणे सुचत नाही, असे त्यांचे म्हणणे. म्हणून त्या सांगत गेल्या आणि आम्ही दोघे लिहून घेत गेलो, थेट एडिटरमध्ये. त्यांचा थोरला मुलगा सतराव्या वर्षी नोकरीसाठी मुंबईला गेला त्या दिवसाची हकीकत होती. त्यातले एक वाक्य असे होते:

'माझो झील मुंबैक गेलो, तेवा माका रडू येवक नाय.'

झील म्हणजे मुलगा, माका म्हणजे मला. बाकीचे वाचकांना समजेल.

अंक छापायला द्यायच्या आदल्या रात्री आमच्यातील एक जण शेवटची तपासणी करायला बसला. तो कोण हे सांगणार नाही, कारण खुणा चौघांनी मिळून ठरवल्या होत्या. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. त्याने प्रोग्राम चालवला. आजींच्या पानावर लालच लाल झाले. शब्दांच्या मधल्या रिकाम्या जागा तेवढ्या हिरव्या दिसत होत्या, आणि मध्येच एखादा शब्द. त्याला वाटले, हिरवे काहीतरी अर्धवट उमटले आहे आणि मुख्य काम लाल शब्दांचे आहे. तो एकेक लाल शब्द घेत गेला आणि नीट करत गेला. फाइल जतन केली आणि झोपला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फाइल उघडून आम्ही तारे काढले, जतन केली आणि साठ प्रती काढल्या.

ईमॅक्स फाइलची आधीची एक प्रत बाजूला ठेवतो, तिच्या नावापुढे नागमोडी चिन्ह असते. पण तो ती एकच ठेवतो. फाइल पुन्हा उघडून जतन केली की त्या प्रतीच्या जागी नवी प्रत येते. त्यामुळे आजींचे मूळ शब्द आमच्याकडे कोठेच उरले नाहीत. हे कळले तेव्हा आम्ही चौघे बराच वेळ गप्प होतो.

पण हे नंतरचे. आधी अंक वाटला गेला. नातीने तो आजींना नेऊन दिला. आजी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या आहेत, चष्मा लावून सगळे पान वाचले. मग अंक घडी करून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "बरां असा. पण ही बाय कोण?"

नातीला आधी कळले नाही. मग तिने पान वाचले. वर दिलेले वाक्य असे छापले गेले होते:

'माझा झील मुंबईला गेलो, तेव्हा मला रडू आले नाही.'

मुंबईला गेले कोण? आई की मुलगा? 'माझो' लाल होता म्हणून 'माझा' झाला. 'मुंबैक', 'तेवा', 'माका', 'येवक' आणि 'नाय' लाल होते, तेही बदलले. 'गेलो' मात्र लाल नव्हता, कारण 'मी गेलो' हे रूप यादीत होते. आणि 'झील' का वाचला? शिवजयंतीच्या अंकात पोवाड्यावर लेख होता. पोवाड्यात शाहिरामागे साथीदार झील धरतात, ती झील यादीत येऊन बसली होती. मालवणी झील तिच्या नावावर सुटला. म्हणजे आम्ही आजींचे बोलणे शुद्ध केले असेही नाही. जे लाल दिसले ते बदलले, जे दिसले नाही ते ठेवले. उरले ते ना आजींचे, ना बाईंचे.

पुढच्या रविवारी आम्ही हे का घडले ते शोधायला बसलो. जुना मजकूर नव्हता, पण ते एक वाक्य नातीच्या ध्यानात पक्के होते. ते ताऱ्यांसकट टाइप केले आणि प्रोग्राम चालवला. 'माका' या शब्दावर कर्सर ठेवून आम्ही कंट्रोल-यू आणि मग कंट्रोल-एक्स व बरोबरचे चिन्ह दाबले. असे केले की ईमॅक्स त्या अक्षराची सगळी कुंडली मांडतो, त्यात तेथे किती ओव्हरले आहेत आणि त्यांचे गुणधर्म काय हेही येते. तेथे दोन होते. हिरवा पूर्ण वाक्यभर, लाल फक्त त्या शब्दापुरता. आकडा दोघांनाही नाही. तरी वर लाल.

मग ईमॅक्सची पुस्तिका काढली. खरे तर ती आधी काढायला हवी होती. तिच्यातील नियम थोडक्यात असे आहेत. ज्याचा आकडा मोठा त्याचा गुणधर्म लागू होतो. आकडे सारखे असतील आणि एक ओव्हरले दुसऱ्याच्या पोटात असेल, तर आतला जिंकतो. दोन्ही एकमेकांत अर्धवट घुसलेले असतील, तर कोण जिंकेल याचा भरवसा धरू नये. आणि ज्याला आकडा दिला आहे तो बिनआकड्याच्या सगळ्यांवर चढतो, म्हणून आकडे जपून द्यावेत.

आमच्या प्रकरणाचा उलगडा दुसऱ्या नियमात होता. हिरवी खूण वाक्याएवढी लांब, लाल खूण शब्दाएवढी. लाल नेहमीच हिरव्याच्या पोटात असणार आणि नेहमीच जिंकणार. आम्ही आकडे दिले नाहीत म्हणून सगळे सारखे झाले नव्हते. निर्णय झालाच होता. आम्ही तो घेतला नाही, एवढेच.

हा प्रश्न आमच्या पत्रकापुरता नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या एकाच ओळीवर चुकीची खूण, शोधलेल्या शब्दाची खूण, दोन प्रतींमधल्या फरकाची खूण असे सगळे एकदम येऊन बसते. ईमॅक्समध्ये शोधताना सापडलेल्या बाकीच्या जागांच्या खुणेचा आकडा १००० आहे आणि कर्सर असलेल्या जागेच्या खुणेचा १००१. दोन फाइलींतला फरक दाखवणाऱ्या ईडिफचे आकडे १०० पासून वर. लिलावात बोली वाढवावी तसे हे आकडे आहेत. उलट कर्सरची ओळ फिकट रंगवणाऱ्या खुणेचा आकडा उणे ५० आहे, ती मुद्दाम सगळ्यांच्या खाली बसते. दुसरा प्रसिद्ध एडिटर व्हिम. ब्रॅम मोलेनार यांनी तो १९९१ साली प्रथम प्रसिद्ध केला. त्यात आपण मॅच-ॲड वापरून केलेल्या खुणेला न मागता १० हा आकडा मिळतो आणि शोधाच्या खुणेचा आकडा शून्य आहे. म्हणजे तेथे आपली खूण शोधाच्या वर, आणि शोध वर हवा असेल तर आपल्या खुणेला उणे आकडा द्यायचा. ईमॅक्समध्ये शोध सगळ्यांच्या वर, व्हिममध्ये आपल्या खुणेच्या खाली. दोन्ही एडिटर उत्तम आहेत. कोणाला वर बसवायचे हे दोन्हीकडे कोणीतरी विचार करून ठरवलेले आहे, आणि आम्ही नेमका तेवढाच विचार टाळला होता.

कारण कळल्यावर आम्ही रागारागाने हिरव्याला ९९९९ आकडा दिला. आजींचे पान हिरवेगार झाले. लाल ठिपकाही दिसेना. आम्ही खूश झालो, पण घटकाभरच. 'झील' शब्द पानावर किती वेळा आला आहे ते पाहायला शोध लावला, तर सापडलेल्या जागाही हिरव्याखाली दिसेनाशा झाल्या. १००० आणि १००१ या दोघांना आम्ही झाकून टाकले होते. त्याहून वाईट म्हणजे, टाइप करताना आमच्याच हातून एका शब्दाला काना दोनदा पडला होता. ती चूक आजींची नव्हती, आमची होती, आणि आता ती हिरव्याखाली सुरक्षित बसली होती. आधी लालने आजींना झाकले, आता हिरव्याने आम्हांला झाकले.

बाईंना हे सगळे दाखवले. आम्हांला वाटले होते, की त्या शुद्धलेखनाची बाजू घेतील. त्यांनी कपाटातून नियमांची पुस्तिका काढली. मराठी साहित्य महामंडळाचे नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्य केले, पुढे १९७२ साली त्यांत भर पडून ते १८ झाले, हे आम्ही वर्गात शिकलो आहोत. त्यांतला एक नियम त्यांनी आमच्यापुढे ठेवला. त्याचा आशय असा, की एखाद्या पात्राच्या तोंडी बोलण्याची भाषा घालायची असेल, तर ती उच्चाराप्रमाणे लिहावी. बाई म्हणाल्या, "तुम्हांला वाटलं आजी एका बाजूला आणि नियम दुसऱ्या बाजूला. नियमातच आजींना जागा आहे. यादी करताना एवढा एक नियम मी तुम्हांला द्यायला विसरले. त्यामुळे चूक माझीही धरा." बाईंनी असे म्हटल्यावर आम्हांला अधिकच ओशाळल्यासारखे झाले.

मग खुणा नव्याने केल्या. येथे पुस्तिकेतील आणखी एक गोष्ट उपयोगी पडली. रंगरूपाच्या बाबतीत वरचा ओव्हरले खालच्याला पूर्ण पुसत नाही. पार्श्वभूमीचा रंग, अधोरेखा, चौकट हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. दोघांनीही पार्श्वभूमीच मागितली तरच भांडण होते. एकाने पार्श्वभूमी आणि दुसऱ्याने अधोरेखा मागितली, तर दोन्ही दिसतात. आमच्या तिन्ही खुणा पार्श्वभूमीच मागत होत्या, म्हणून एकीला दिसायचे तर दुसरीला झाकणे भाग होते.

आता हिरवा रंग पार्श्वभूमीत आहे. लाल खूण म्हणजे शब्दाखाली लाल नागमोडी रेघ. पिवळी खूण म्हणजे शब्दाभोवती पिवळी चौकट. आजींच्या वाक्यावर आता हिरवा रंगही दिसतो आणि त्यावर लाल रेघाही दिसतात. कोणी कोणाला झाकत नाही. पाहणाऱ्याला दोन्ही दिसतात आणि मग विचार करावा लागतो.

आकडेही दिले. हिरवा ३०, लाल २०, पिवळा १०. रंगांचे भांडण मिटले तर आकडे कशाला? माउसच्या टिपेसाठी. शब्दावर बाण नेला की एकच टीप दिसू शकते. लालची टीप आहे 'यादीत नाही', हिरव्याची टीप आहे 'सांगणाऱ्याचा शब्द, आधी विचारा'. जेथे दोन्ही आहेत तेथे हिरव्याची टीप दिसली पाहिजे, हे आम्ही या वेळी ठरवून, चौघांनी हात वर करून घेतले. सगळे आकडे शंभराच्या आत ठेवले, म्हणजे शोधाची आणि फरकाची खूण आमच्या वरच राहते. हे आकडे आणि त्यांची कारणे प्रोग्रामच्या सुरुवातीला मराठीत लिहून ठेवली आहेत. पुढच्या वर्षी हे काम ज्यांच्याकडे येईल त्यांनी ती वाचावीत, आणि पटली नाहीत तर बदलावीत. पण न वाचता खोडू नयेत. शिवाय एक साधी गोष्ट: मूळ मजकुराची एक प्रत आता कागदावर छापून फाइलीत लावतो. तिला कोणी प्रोग्राम लागत नाही.

यातून आम्हांला एक कळले. अग्रक्रमाचा आकडा काय दिसेल ते ठरवतो, काय बरोबर ते ठरवत नाही. आम्ही दिसण्यालाच बरोबर समजलो होतो. जे ठळक दिसेल त्याला हात घालायचा आणि जे झाकले जाईल ते नाहीच असे धरायचे, ही सवय फक्त एडिटरपुरती नसावी, असेही वाटून गेले. आमच्या घरांतही मोठ्यांच्या मराठीतला काढलेला शब्द आधी ऐकू येतो आणि सांगितलेली गोष्ट मागाहून. असो.

आता उरल्या आजी. परत जाण्याचे तिकीट अकरा दिवसांवर होते. आम्ही दोघे-दोघे मिळून त्यांच्याकडे गेलो आणि चुकलो म्हणून सांगितले. त्या रागावलेल्या नव्हत्या. चहा दिला आणि म्हणाल्या, लिहून घ्या पुन्हा. पण सांगितलेली गोष्ट पुन्हा तशीच्या तशी येत नाही. पहिल्या वेळी एसटीच्या टपावर चढवलेल्या ट्रंकेचे वर्णन होते, ते या वेळी दोन वाक्यांत आटपले. उलट पहिल्या वेळी नसलेले एक काही या वेळी आले. मुलगा गेल्यावर आठ दिवसांनी त्यांनी सवयीने त्याचेही ताट मांडले, आणि मग त्या दिवशी रडू आले. हे त्यांनी पहिल्यांदा का सांगितले नव्हते, ते आम्ही विचारले नाही. ते या अंकातील पानावर त्यांच्याच शब्दांत आहे.

एक शब्द मात्र हरवला. मागील अंकाच्या पानावर, मुलाच्या अंथरुणाविषयीच्या वाक्यात 'दमट' असा शब्द छापला आहे. तो आजींचा नाही. पावसाळ्यात कपड्यांना, अंथरुणाला जो ओलसरपणा येतो त्यासाठी त्यांनी त्यांचा एक शब्द वापरला होता. त्या रात्री तो लाल दिसला आणि बदलला गेला. ज्याने बदलला त्याला तो आठवत नाही, लिहून घेणाऱ्या आम्हा दोघांना आठवत नाही, आणि आजींना विचारले तर त्याही थांबल्या. बोलताना आपसूक आलेला शब्द विचारल्यावर येत नाही, असे त्या म्हणाल्या. विमानतळावर जाईपर्यंत त्यांनी दोन-तीन शब्द सुचवले आणि प्रत्येक वेळी स्वतःच मान हलवली, हा नव्हे म्हणून.

म्हणून या अंकात त्या वाक्यात एक जागा कोरी सोडली आहे. ती छपाईची चूक समजू नये. झेरॉक्सच्या यंत्राला रंग कळत नाहीत, त्यामुळे तेथे हिरवी खूण दाखवता येत नाही. तुटक रेघ दिली आहे. वाचकांपैकी ज्यांचे गाव त्या भागात आहे त्यांनी आपल्या घरच्या मोठ्या माणसांना विचारावे आणि शब्द मिळाला तर बाईंकडे चिठ्ठी द्यावी. आम्ही तो फोनवर आजींना वाचून दाखवू. त्या हो म्हणाल्या तर पुढच्या अंकात छापू, आणि नाही म्हणाल्या तर जागा कोरीच ठेवू.